तिसऱ्या वळणावरचं पाणी

पोस्टरवर सोळा चेहरे होते. हेल्मेट काखेत, छाती पुढे, दात पांढरेशुभ्र. हे सोळा जण ज्या मातीवर गाड्या घालणार होते ती माती पोस्टरवर नव्हती आणि त्या मातीला पाणी पाजणारी बाई तर नव्हतीच. वहिनीला त्याचं काही वाटत नव्हतं, असं कुणी म्हणालं तर ते साफ खोटं. वाटत होतं. म्हणूनच तिने पाण्याच्या टाकीची गाडी मुख्य दाराशी अशी उभी केली होती की पंधरा चेहरे टाकीच्या पोटाआड गेले होते आणि उजव्या कडेचा एकच उघडा राहिला होता.

"सूनबाई, गाडी पुढे घे की जरा," ट्रॅक्टरवाले मामा ओरडले. "लोकांना पोस्टर दिसत नाहीये."

"ज्याला बघायचं तो दिसतोय," वहिनी म्हणाली आणि केबिनमध्ये बसून निवांत चहा पीत राहिली.

उजव्या कडेचा चेहरा तिच्या धाकट्या दिराचा होता.

जागतिक स्पीडवे स्पर्धेची पात्रता फेरी या मैदानावर पहिल्यांदाच होत होती. स्पीडवे म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. अंड्याच्या आकाराचा मातीचा ट्रॅक, एका शर्यतीत चार जण, चार चकरा, सगळी वळणं डावीकडे. गाडीला ब्रेक नाही. बसवायचा राहून गेला म्हणून नाही, बसवायचाच नाही असा नियम. वळणावर स्वार गाडी आडवी टाकतो, मागचं चाक घसरवत नेतो, पुढचं चाक उजवीकडे फिरवून स्वतः मात्र डावीकडे जातो, आणि डावा पाय मातीवर टेकवून सगळा डोलारा सांभाळतो. त्या डाव्या बुटाखाली लोखंडाचा तळ बांधलेला असतो, नाहीतर बूट काय, संध्याकाळपर्यंत टाचसुद्धा शिल्लक राहायची नाही. एकूण मिनिटभराचा मामला. पण त्या मिनिटभरात माती ज्याच्या बाजूने, जग त्याच्या बाजूने.

आणि माती कुणाच्या बाजूने जाणार हे पाणी ठरवतं. कमी पडलं तर धुरळा उठतो, मागच्या स्वाराला पुढचा दिसत नाही. जास्त पडलं तर त्याहून वाईट. आडवं घसरत चाललेलं चाक ओल्या जागेवर एकदम पकड घेतं, गाडी ताडकन सरळ होते आणि समोर जे असेल त्यात घुसते. समोर नेहमी कुंपणच असतं.

वहिनीच्या घरात हे पुस्तकातलं ज्ञान नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे थोरला, तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी असाच एका ओल्या पट्ट्यावरून कुंपणात गेला होता. तेव्हा टाकी तिचे सासरे चालवत. कुणीतरी हाक मारली म्हणून ते पाणी चालू असताना घटकाभर थांबले होते, एवढंच झालं होतं. थोरल्याचा उजवा पाय त्या दिवसापासून गुडघ्यात वळत नाही. सासऱ्यांनी पुढे एकच नियम केला आणि मरेपर्यंत सांगितला: पाणी चालू असताना थांबायचं नाही; थांबायचंच असेल तर आधी गाडी आतल्या गवतावर घ्यायची.

सासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मैदानाच्या कमिटीने टाकीसाठी माणूस शोधायला घेतला. वहिनी जाऊन म्हणाली, माणूस कशाला शोधता, मी आहे ना. कमिटीतले लोक एकमेकांकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "बाई, चाक जड असतं. ताकद लागते."

"तुमच्या घरी भरलेला सिलिंडर कोण सरकवतं?" वहिनीने विचारलं. "तुम्ही?"

त्यावर बाकीचे हसले. सासऱ्यांनी तिला शेजारी बसून वर्षभर शिकवलं. स्वतःला दिसत नव्हतं, पण आवाजावरून सांगत, "डावी तोटी तुंबलीय. आता जास्त पडतंय. पळव." लोकांना टाकी चालवणं म्हणजे रस्त्यावर पाणी शिंपडण्यासारखं वाटतं. वाटू दे. वहिनी कुणाला समजावत बसायची नाही, फक्त एखादा शहाणा फारच बोलायला लागला की त्याला केबिनमध्ये बसवायची आणि एक चक्कर मारून आणायची. खाली उतरेपर्यंत त्याचं तोंड बंद झालेलं असायचं.

धाकटा त्या वेळी शाळेत होता. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याच्या उवा, सगळं वहिनीकडे. सोळाव्या वर्षी तो भावाची जुनी गाडी घेऊन ट्रॅकवर उतरला आणि डोक्यापासून पायापर्यंत चिखलाचा पुतळा होऊन घरी आला. सासूने अंथरुणावरूनच फर्मान काढलं, "हे ध्यान घरात घ्यायचं नाही." दुसऱ्या दिवसापासून वहिनी शेवटची शर्यत झाली की त्याला टाकीच्या मागच्या पायरीवर बसवायची आणि नळ सोडायची. मग ती रीतच पडली. धाकटा आता तिशी ओलांडून गेला होता, केस मागे हटायला लागले होते, चार देशांत जाऊन शर्यती मारून आला होता. पण घरच्या मैदानावर शेवटची शर्यत झाली की तो मुकाट टाकीच्या पायरीवर येऊन बसायचा. जिंकलेला असो की हरलेला. त्या नळाखाली दुसऱ्या कुणाला बसायची परवानगी नव्हती.

फक्त त्या सकाळी एकाला मिळाली, तीही अर्धी. लाल हेल्मेटवाला एक परदेशी पोरगा चष्मा धुवायला नळ शोधत हिंडत होता. विशी-बाविशीचा, मिसरूड धड फुटलेलं नाही, पण सराव असा केला होता की मामा ट्रॅक्टर बंद करून बघत बसले. तो वळणाच्या आतल्या कडेला इतका चिकटून जायचा की त्याचा लोखंडी तळ गवताला घासतोय असं वाटायचं. वहिनीने त्याला नळ सोडून दिला. इकडे धाकटा ओरडला, "वहिनी, परक्याला पाणी पाजतेस होय?" त्या पोराने तो शब्द उचलला. चष्मा पुसत, मान झुकवून म्हणाला, "थँक्यू, वैनी."

"घ्या," मामा म्हणाले. "आणखी एक दीर झाला तुला."

स्पर्धेचा हिशेब सोपा होता. प्रत्येकाच्या पाच शर्यती, प्रत्येक शर्यतीत जागेप्रमाणे गुण, आणि शेवटी सोळांतले पहिले चार पुढच्या फेरीत. बाकीचे घरी. धाकट्याला हे वर्ष शेवटचं होतं. तसं तो म्हणाला नव्हता, पण थोरल्याने रात्र रात्र जागून बांधलेलं ते इंजिन, खांद्यात कायमची आखडलेली ती एक शीर, आणि पुढच्या वर्षीचं काही विचारलं की त्याचं विषय बदलणं, एवढं कळायला वहिनीला कुणी सांगावं लागत नव्हतं.

दिवसभर धाकट्याने एकच चाल धरली होती. सगळे आतून जायचे आणि त्यांच्या चाकांनी उडवलेली माती बाहेर कुंपणापाशी जाऊन साचायची. प्रत्येक शर्यतीनंतर तो थर जाड होत जायचा, दुधावर साय धरावी तसा. आतली वाट टणक आणि गुळगुळीत होत चाललेली. बाहेर मात्र भुसभुशीत, चाकाला धरून ठेवणारी माती. धाकटा सरळ तिथे घुसायचा, कुंपणाला खांदा घासेल इतका बाहेर, आणि त्या मातीवरून बंदुकीतून सुटल्यासारखा पुढे यायचा. लोक जीव मुठीत धरून बघत होते. काही शर्यतींनंतर मामा ट्रॅक्टरने फणी आणि फळी ओढून माती परत आत आणायचे, तेवढी एक शर्यत धाकटा मागे पडायचा. साय धरली की पुन्हा पुढे.

मामांचा शेवटचा फेरा होऊन गेला होता. आता फणी पुन्हा लागायची नव्हती. शेवटची शर्यत उरली तेव्हा गणित असं बसलं: लाल हेल्मेटवाला सगळ्यांच्या पुढे, तो आधीच पोहोचलेला. चौथ्या जागेसाठी दोघे बरोबरीत, निळं हेल्मेट आणि पिवळं. निळा म्हणजे एक मुरलेला, थंड डोक्याचा गडी. पिवळा म्हणजे धाकटा. दोघेही शेवटच्या शर्यतीत. जो दुसऱ्याच्या पुढे राहील तो पुढच्या फेरीत. चौथा होता पांढरा, त्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं.

आणि धाकट्याला सुटायची जागा मिळाली होती सगळ्यात बाहेरची. एरवी ही जागा मिळाली की स्वार कपाळाला हात लावतात. धाकटा हसला. बाहेर साय धरलेली होती.

आधीच्या शर्यतीत धुरळा फार उठला आणि एक जण पडला. फारसं लागलं नव्हतं, पण रुग्णवाहिका आत आली. पंचांनी वरून निरोप दिला: शेवटच्या शर्यतीआधी हलकं पाणी, फक्त आतल्या बाजूला, ट्रॅक्टर नको, वेळ नाही. वहिनीने टाकी आत घेतली. पहिलं वळण, दुसरं वळण, मागचा सरळ भाग. हलका हात, एकसारखा वेग. तिसऱ्या वळणावर आली तर समोर रुग्णवाहिका दारातून बाहेर निघत होती. पुढे जागा नव्हती. तिने ब्रेक दाबला.

त्या दाराच्या पलीकडेच गाड्या दुरुस्त करायचं आवार, ज्याला सगळे पिट म्हणतात. तिथे धाकटा गाडीवर बसून डावं मनगट दाबत होता आणि थोरला त्याच्यावर वाकून पट्टी गुंडाळत होता. मनगट? केव्हा लागलं? मला का नाही सांगितलं? तिने मान बाहेर काढली, डोळे बारीक केले. थोरल्याने पट्टी ओढली, धाकट्याने बोटं उघडमीट करून दाखवली, मान डोलावली. हलतायत बोटं. हलतायत.

मग तिला पाण्याचा आवाज ऐकू आला.

हात आपोआप दांड्यावर गेला, तोट्या बंद झाल्या. जुना व्हॉल्व्ह, बंद केल्यावरही थोडा वेळ गळतच राहतो. रुग्णवाहिका गेली, टाकी पुढे सरकली. आरशात मागची माती दिसत होती, सगळी सारखीच काळपट. नुकतंच पाणी मारलेल्या मातीत ओलं कोणतं आणि तुडुंब कोणतं हे कुणाला दिसणार? संध्याकाळचं तिरपं ऊन, त्यात दिवे लागलेले. कुणालाच दिसणार नव्हतं. पण तिला आवाज ठाऊक होता. बादलीभर नव्हतं ते, पिंपभर होतं. आणि बरोबर आतल्या वाटेवर.

इतक्या वर्षांत एकदाही नाही, आणि आज.

टाकी पिटच्या दारात लावून ती खाली उतरली आणि थोरल्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"अहो, तिसऱ्या वळणावर पाणी सांडलंय."

"किती?"

"बरंच. मी थांबले होते. पाणी चालू होतं."

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो लांब वळणाकडे बघत राहिला आणि वहिनीला त्याच्या डोक्यात फिरणारी चाकं दिसायला लागली, कारण तीच चाकं तिच्याही डोक्यात फिरत होती. आतून लाल जाणार. त्याच्या मागे आतूनच निळा जाणार. धाकटा बाहेर.

"पंचांना सांगितलं तर ते ट्रॅक्टर लावणार," थोरला हळू आवाजात म्हणाला.

"लावणारच."

"एकच तुकडा फणीने उकरला तर तिथे पायरी होते. म्हणजे अख्खा ट्रॅक ओढणार. त्याची माती गेली सगळी."

"मला माहीत नाही का?"

"मग?"

"मग काय मग? तो पोरगा आत चिकटून येतो. मरेल तो!"

"त्याला डोळे आहेत."

"तुम्हालाही होते."

थोरल्याचा चेहरा आवळला. "माझा पाय मोडला. मेलो नाही मी," तो म्हणाला. "आणि बाबांनी पण सांगितलं नव्हतं कुणाला."

हे मात्र वहिनीला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की सासऱ्यांना पाणी सांडल्याचं नंतर कळलं. म्हणजे त्यांना शर्यत सुटण्याआधीच ठाऊक होतं. कमिटी रागावेल, लोक हसतील, म्हणून म्हातारा गप्प बसला होता आणि समोर स्वतःचा पोरगा कुंपणात जाताना बघत होता. मरेपर्यंत तो नियम घोकत बसायचा, तो कशासाठी, ते आज उलगडलं.

भोंगा वाजला. दोन मिनिटं.

तिने आधी सोपा मार्ग पाहिला. दाराशी कोरड्या मातीचं पोतं होतं, ते खांद्यावर मारलं आणि ट्रॅकवर निघाली. चार पावलं गेली नाही तोच निशाणवाल्याने शिट्टी फुंकली. "बाहेर! बाहेर व्हा! भोंगा झालाय!"

"अरे, पाणी सांडलंय तिकडे!"

"मला नका सांगू, वर सांगा! आधी बाहेर व्हा!"

वर म्हणजे पंचांची काचेची खोली, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. फोन पिटच्या टपरीत, आणि टपरीतला माणूस फोन कानाला लावून दुसऱ्याच कुणाशी तरी हुज्जत घालत होता. चारही गाड्या सुरू झाल्या. मेथॅनॉल इंधनाचा तो गोडसर, डोळ्यांत झोंबणारा वास. लाल पुढे सरकला. जाता जाता त्याने टाकीकडे बघून हात वर केला.

वहिनीने पोतं तिथेच टाकलं, केबिनमध्ये चढली, गिअर टाकला आणि टाकी दारातून आत घालून ट्रॅकवर आडवी उभी केली. वर हॉर्नवर पंजा ठेवून दिला.

लाल दिवे लागले. हजारो लोक एकदम उठले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी शिव्या घातल्या. निळ्याने हात पसरून हे काय चाललंय असं विचारलं. आणि धाकटा गाडी फिरवून सरळ टाकीपाशी आला, चष्मा कपाळावर चढवला.

"वहिनी, काय झालं? ब्रेक गेले का?"

"वळणावर पाणी सांडलंय. माझ्या हातून."

त्याने वळणाकडे पाहिलं. मग बाहेरच्या कुंपणाकडे, त्या जाड, मऊ, दिवसभर साचवलेल्या मातीकडे. त्याला समजायला भावाइतकाही वेळ लागला नाही.

"गाडी काढ," तो म्हणाला.

"नाही."

"वहिनी, मी सांगतो लालवाल्याला. खुणेने सांगतो, आतून नको जाऊ म्हणून. तू गाडी काढ."

"आणि निळ्याला? त्यालाही सांगशील?"

धाकटा पुन्हा कुंपणाकडे बघायला लागला.

"नाही ना सांगणार?"

"ती माती माझी आहे, वहिनी. दिवसभर मी..." त्याचा आवाज फाटला. "काढ म्हणतो ना!"

"ओरडू नकोस माझ्यावर! नाक पुसलंय मी तुझं. नाही काढत. वरून घालायची असेल तर घाल गाडी."

त्याने चष्मा खाडकन खाली ओढला आणि निघून गेला. तो रडत होता की काय, हे तिला दिसलं नाही. बरंच झालं नाही दिसलं ते.

पंच धापा टाकत आला. उंच, सडसडीत, परक्या देशातला, पण आयुष्यभर मैदानं हिंडून सगळ्या भाषा मोडक्यातोडक्या बोलणारा. त्याने तिचं ऐकलं, तिसऱ्या वळणावर गेला, टाच रोवली. पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाय उपसून तो परत आला.

"वरून दिसत नव्हतं," तो म्हणाला. "पिवळा तुमचा?"

"माझा दीर."

"ट्रॅक्टर आला, तोटा पिवळ्याचा. माहीत?"

"मला विचारू नका हो पुन्हा पुन्हा! लावा ट्रॅक्टर!"

पंचाने ट्रॅक्टरला हात केला. "विना परवानगी ट्रॅकवर गाडी. रिपोर्टात लिहावं लागणार."

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा."

मामांनी चिखल फावड्याने उपसला, कोरडी माती भरली आणि मग अख्ख्या ट्रॅकवर फणी ओढली, त्यामागे फळी. कुंपणाची साय सोलून आतपर्यंत पसरली. मामा एकदाही तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचाही जीव धाकट्यावर होता.

वहिनी पिटच्या कठड्याला टेकून उभी राहिली. थोरला लंगडत येऊन शेजारी उभा राहिला. दोघांमध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर.

चौघे सुरुवातीच्या ताणलेल्या फितीपाशी लागले. आतून लाल, निळा, पांढरा, पिवळा. फीत सुटली.

धाकटा सुटला तो असा की वहिनीच्या तोंडून आवाजच निघाला. पहिल्या वळणापर्यंत तो निळ्याच्या पुढे होता. सवयीने बाहेर गेला, आणि बाहेर काही नव्हतं. चाक नुसतंच फिरलं, पकडायला माती नाही. निळा खालून सरकून गेला, अगदी शांतपणे, दुकानात रांगेत पुढे घुसावं तसा. लाल तर केव्हाच लांब.

दुसऱ्या चकरेत धाकट्याने पुन्हा बाहेरून पाहिलं. पुन्हा काही नाही. निळा मागे वळूनही बघत नव्हता.

"आत ये," थोरला पुटपुटला. "आत ये रे, आत ये."

तिसऱ्या चकरेत तो आत आला. आयुष्यभर कुंपण घासणारा धाकटा तिसऱ्या वळणावर आतल्या कडेला घुसला, लाल पोरापेक्षाही आत, गाडी आडवी, लोखंडी तळाच्या ठिणग्या, आणि इंजिनाचा आवाज जरासुद्धा कमी न करता सरळ त्या जागेवरून गेला जिथे मघाशी पंचाची टाच रुतली होती. थोरल्याची बोटं वहिनीच्या मनगटावर इतक्या जोरात आवळली गेली की तिच्या बांगडीचा वळ उठला. माती हलली नाही. गाडी वळली. वळणातून बाहेर येताना तो निळ्याच्या मागच्या चाकाला लागला होता.

शेवटची चक्कर. पहिल्या वळणावर अर्धी गाडी मागे. मागच्या सरळ भागात त्याहून कमी. तिसऱ्या वळणावर तो पुन्हा त्याच जागेवरून गेला आणि दोघे बाहेर आले ते खांद्याला खांदा लावून. वहिनी कठड्यावर चढली होती, काय ओरडत होती ते तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं. निशाण पडलं.

चाकभर. निळा पुढे होता, चाकभर.

थोरल्याने हात सोडला. गाडी आत घ्यायला गेला.

धाकटा पाचवा. पाचवा म्हणजे राखीव. चौघांतलं कुणी आडवं झालं तरच बोलावणं. लोक पांगायला लागले, दिव्यांभोवती धूळ तरंगत राहिली. लाल पोरगा बक्षिसाचा हार गळ्यात घालून येऊन काहीतरी बोलला, त्यातलं 'वैनी' तेवढं कळलं. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढे पाठवलं.

मग ती टाकी नेहमीच्या जागी लावून बसली. मागच्या पायरीशेजारी, नळाला हात लावून. मामा ट्रॅक्टर झाकून निघाले. "चल सूनबाई. आज नाही येणार तो."

"तुम्ही जा."

"डोकं गरम आहे त्याचं. घरी बोल."

"तुम्ही जा म्हटलं ना."

मामा गेले. पिटमध्ये एकेक गाडी व्हॅनमध्ये चढत होती, दारं आपटत होती. थोरल्याने त्यांची गाडी चढवली, दोर आवळले, आणि केबिनमध्ये जाऊन बसला, पण व्हॅन सुरू केली नाही. वहिनी मनातल्या मनात भांडणं रचत होती. तो असं म्हणाला तर मी असं म्हणेन, तसं म्हणाला तर तसं. एकही भांडण धड पूर्ण होत नव्हतं.

लोखंडाचा तळ फरशीवर खणखणला. धाकटा येत होता, एका पायात तो तळ तसाच, म्हणून तिरका चालत. चेहरा मातीने लिंपलेला, फक्त चष्म्याच्या जागी दोन गोल. तो तिच्याकडे न बघता पायरीवर बसला, पाठ तिच्याकडे करून.

"पाणी आहे का," त्याने विचारलं, "का सगळं वळणावरच ओतलंस?"

तिने नळ सोडला. पाणी त्याच्या डोक्यावर पडलं, तांबडं होऊन मानेवरून उतरलं. तो अंग आवळून बसला होता. हळूहळू खांदे खाली आले.

"तिथली माती चांगली बसवली होती मामांनी," थोड्या वेळाने तो म्हणाला.

"हं."

"पण मी तुझ्याशी बोलत नाहीये, वहिनी. सांगून ठेवतो."

"नको बोलूस," वहिनी म्हणाली. "मान खाली घाल. कानामागे माती आहे."